सप्त्यातला पेपर

केळीच्या घडापासून फणी सुटली की चीक येतो. आधी पाण्यासारखा दिसतो, हाताला लागला तरी कळत नाही. तासाभरानं तळहातावर तांबूस रेघ उमटते, संध्याकाळपर्यंत ती काळी पडते, आणि मग ती साबणानं जात नाही, राखेनं जात नाही. कामिनी लग्न होऊन आली तेव्हा तिला या रेघांची लाज वाटायची. धुळ्याला माहेरी गेली की हात ओढणीखाली ठेवायची. आता तिचं तिकडे लक्षही जात नसे.

त्या दिवशी ती उजाडायच्या आत सासूबरोबर शेतात आली होती. बांधावरच्या निंबाखाली तुरटीच्या पाण्याचा हौद भरलेला. कापणीवाले डोक्यावर घड घेऊन येत, गादीवर आडवे करत. सुमनबाई विळ्यानं फण्या उतरवी, कामिनी त्या पाण्यात बुडवून, पुसून, फोममध्ये गुंडाळून खोक्यात बसवी. मेचं ऊन आठ वाजताच पाठीवर बसलं होतं. उत्तरेला सातपुडा धुळीनं पुसला गेला होता.

"आई, मी निघू का? दहाला पेपर आहे."

"येवढा खोका भरी दे नि जाय," सुमनबाई मान वर न करता म्हणाली. "लेबर कोठे शे वं? गावन्या बठ्ठ्या बाया सप्तामा पोळ्या लाटाले गयात. ट्रकवाला दुपारले बोंब मारी."

कामिनीनं तो खोका भरला, आणखी एक भरला, आणि मग सासूनंच तिच्या हातातला फोम ओढून घेतला. "जाय आते. कव्हय जाशी?"

कामिनी घरी बसून बीसीए करत होती. लांबच्या एका विद्यापीठाचा ऑनलाइन कोर्स. तास लॅपटॉपवर, अभ्यास लॅपटॉपवर, परीक्षाही लॅपटॉपवर, घरातच. लग्न ठरताना तिच्या वडिलांनी, ते धुळे डेपोत कंडक्टर होते, एकच मागणं मागितलं होतं: पोरीचं शिक्षण पुरं होऊ द्या. तिचे सासरे भटूआबा चार माणसांसमोर म्हणाले होते, "तीन वरीस. तीन वरीसमा जे शिकनं ते शिकी ले. चौथा वरीस माले कोनी सांगानं नही." ते शब्दाचे पक्के माणूस. तीन वर्षं त्यांनी कधी तिला अभ्यासावरून बोल लावला नाही, आणि तीन वर्षं संपत आली हेही ते विसरले नव्हते. बाकीचे पेपर सुटले होते. डेटाबेसचा एक राहिला होता. तो सुटला की पदवी, आणि जळगावला ठिबकच्या नळ्यांच्या एका कारखान्यात संगणकाच्या खात्यात जागा होती, त्यांनी जूनअखेर निकाल आणायला सांगितलं होतं.

घरी येऊन तिनं हातपाय धुतले, आतल्या खोलीचं दार लावलं. टेबल म्हणजे शिवणयंत्र, त्यावर लॅपटॉप. कॅमेरा सुरू झाला. पेपरवर लक्ष ठेवणारी बाई पडद्यावर दिसत नसे, नुसता आवाज. मागे तिच्यासारख्याच आणखी दहा बायकांची गजबज ऐकू यायची.

"कमरा दिखाइए. ठीक. अब हाथ दिखाइए. दोनों."

कामिनीनं तळवे कॅमेऱ्यासमोर धरले.

"ये क्या लिखा है?"

"लिखा नहीं है मॅडम. केले का चीक है."

"क्या है?"

चिकाला हिंदीत काय म्हणतात ते तिला आठवेना. "केले का… दूध."

"केले का दूध?" बाई थांबली. "मॅडम, हाथ धोकर आइए."

ती उठली. घासलेट, मग राख, मग दगड. कातडं लाल झालं, रेघा तशाच. परत येऊन बसली तर बाई म्हणाली, कॅमेऱ्यासमोरून उठलात याची नोंद झाली. शेवटी तिनं तळवे अगदी जवळ आणायला लावले, एकेक बोट वळवून पाहिलं आणि म्हणाली, ठीक है, शुरू कीजिए. कामिनीला वाटलं, बाजारात बैलाचे दात बघतात तसं झालं.

तिसऱ्या प्रश्नावर होती तेव्हा मंदिरातलं सकाळचं पारायण आटोपलं आणि भजन सुरू झालं. शिखरावरचा एक कर्णा नेमका या गल्लीकडे तोंड करून. टाळ, मृदंग आणि सप्ता कमिटीच्या अभिमनचा चढा आवाज, सगळं खिडकीतून आत आलं. एरवी ती याच नादावर पोळ्या लाटायची, पाय आपोआप ठेका धरायचे.

"कमरे में कौन है?"

"कोई नहीं मॅडम. मंदिर है."

"बंद करवाइए."

"सप्ताह है मॅडम. सात दिन बंद नहीं होता."

थोड्या वेळानं पडद्यावर लाल चौकट आली. खोलीत इतरांचे आवाज असल्यामुळे परीक्षा थांबवण्यात आली आहे. खाली दुसरी आणि शेवटची संधी: परवा, दुपारी दोन ते चार. तीही हुकली तर डिसेंबर.

डिसेंबर म्हणजे चौथं वर्ष.

*

कामिनीचा नवरा नवीन जेवायला आला तेव्हा तिनं त्याला सांगितलं. तो भाकरीचा तुकडा हातात धरून राहिला.

"धुळ्याले जाय," तो म्हणाला.

"वहिनी बाळंतीण आहे. दोन खोल्या, त्यात तान्हं. त्याला काय सांगू, दोन तास रडू नको?"

"चोपड्याले सायबर कॅफे शे."

"आजूबाजूला माणूस चालत नाही. मी एकटीच पाहिजे."

नवीन चिडला. तिच्यावर नाही, पण चीड बाहेर पडायला समोर तीच होती. "मंग शेतमा बठ. केळीना बागमा. तठे कोन येवाव शे?"

"तिथं रेंज येते का?"

त्यानं ताट सरकवलं. मग एकदम उठला. "रतनलालशेठनं चेंबर. पंधरा बोटं जाड भिंत शे. आतमा मानूस मरी गया तरी भाईर आयकू येवाव नही."

रतनलालशेठ चोपड्याला केळीचे व्यापारी. त्यांच्याकडे केळी पिकवायच्या बंद थंड खोल्या होत्या, भटूआबांचा माल वर्षानुवर्षं तिथंच जायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी नवीन तिला मोटरसायकलवर घेऊन गेला. रतनलालशेठ गादीवर बसून हिशेब सोडून वर्तमानपत्र वाचत होते. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"सूनबाई, माझ्या चेंबरमध्ये आजवर केळी पास झाली, माणूस पहिल्यांदा." ते हसले, आणि स्वतः उठून दार उघडायला आले.

आत गार होतं. गोड, जड वास. गड्यानं यंत्र बंद केलं आणि दार लावलं. अशी शांतता कामिनीनं जन्मात ऐकली नव्हती. स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू यायला लागलं. तिनं फोन काढला. रेंजची एक काडी होती ती गेली. तिनं फोन वर धरला, कोपऱ्यात नेला, दाराच्या फटीशी धरला. रेंज नाही. जी भिंत आवाज आत येऊ देत नव्हती, ती काहीच येऊ देत नव्हती. दार वीतभर उघडलं तर रेंज आली, आणि तिच्याबरोबर हमालांची भांडणं, ट्रकचा हॉर्न, कुणाच्या तरी मोबाइलवरचं गाणं.

"गादीवर बसा," रतनलालशेठ म्हणाले. "पण इथं तर मी स्वतःच दिवसभर ओरडतो." त्यांनी खरंच वाईट वाटून हात जोडले.

परतताना दुपार झाली होती. लू अशी की डोळे उघडता येत नव्हते. कामिनीच्या मांडीवर लॅपटॉपची पिशवी होती. ती तिनं ओढणीत गुंडाळून पोटाशी धरली होती, तापू नये म्हणून.

*

घरी भटूआबा ओट्यावर बसले होते. नवीननं चेंबरचं सांगितलं. सुमनबाई दारातून म्हणाली, "आते एकच शे. कर्णा बंद करा म्हनो दोन तास."

आबांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती आत सरकली. मग बराच वेळ तंबाखू मळत राहिले, तोंडात मात्र टाकली नाही.

गावच्या सप्त्यात सात दिवस वीणा खाली टेकत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात, दोन दोन तासांचा पहारा, दिवस असो की रात्र. आबांचा पहारा ठरलेला, सांजेचा, त्यांच्या वडिलांपासूनचा. तीस वर्षांत आबांनी सप्ता कमिटीकडे काही मागितलं नव्हतं. उलट पंगतीला लाकडं द्यायची, मंडपाला बांबू द्यायचे, आणि कीर्तनात मागच्या रांगेत टाळ घेऊन उभं राहायचं. कुणी पुढं ये म्हटलं तरी जायचं नाही.

त्या संध्याकाळी हरिपाठ झाल्यावर ते पुढं गेले. महाराज एरंडोलकडचे, आधी शाळेत मास्तर होते. दूध पीत बसले होते. कमिटीचा अध्यक्ष अभिमन शेजारी. आबांनी टोपी काढली, परत घातली.

"उद्या दुपारले दोन ते चार… कर्णा बंद ठेवता यी का?"

"काबर?" अभिमन म्हणाला.

"सुनना पेपर शे. कॉम्प्युटरना. आवाज उना का बंद पडस."

"आबा, तुमन्या सुनना कॉम्प्युटरले देवनं नाव सहन व्हत नही का?"

दोघेतिघे हसले. आबा हसले नाहीत. त्यांचे कान तांबडे झाले. "तसं नही भो. त्याले देव नि मानूस येकच आयकू येस. कोनी बी बोलनं तर बंद."

"आज तुमना पेपर, उद्या दुसराना. मंग सप्ता घरमाच करूत, कानमा यंत्र घालीसन."

आबा मागं फिरणार होते. महाराजांनी पेला खाली ठेवला.

"कशाचा पेपर आहे आबा?"

"ते… माहिती ठेवाना. बठ्ठ्या लोकनी माहिती कशी ठेवानी, कशी काढानी, त्याना."

"म्हणजे चित्रगुप्ताच्या खात्यातला." आता सगळेच हसले, आणि या हसण्यात आबाही थोडे हसले. महाराज अभिमनकडे वळले. "वीणा खाली ठेवायची नाही, हा नेम. कर्णा वाजलाच पाहिजे असा नेम मी कुठं ऐकला नाही. नाम घ्यायला वीज लागत नाही, अध्यक्ष. दोन तास आपापल्या गळ्यानं गाऊ. लेकराचं वर्ष वाचतंय."

अभिमनला नाही म्हणता आलं नाही. पण आबा पायऱ्या उतरत असताना तो ऐकू जाईल इतपत म्हणाला, "वय झाये का मानूसले सुननं आयकनं पडस."

आबांनी घरी येऊन एवढंच सांगितलं, "दोन ते चार बंद." आणि पहाऱ्याला गेले. त्या रात्री जेवले नाहीत.

*

दुसऱ्या दिवशी सुमनबाईनं कामिनीला शेताकडे फिरकूही दिलं नाही. स्वतः पहाटे जाऊन दोघींचं काम केलं, बाराला परत आली, चिंचेचा कोळ आणि घासलेटनं सुनेचे तळवे घासले. पोलक्याची बाही वर सरकवून, पाय फाकवून, भांडं घासावं तसे. रेघा पुसट झाल्या. "दिखस का आते? नही दिखस." मग कोंबड्या डालग्याखाली घातल्या, शेजारच्या पोरांना चिवडा देऊन मारुतीच्या पाराकडे पिटाळलं, आणि हातात काठी घेऊन बाहेरच्या दारात बसली. आत पंख्याचा आवाज नको म्हणून पंखा बंद. दोन वाजता खोली भट्टीसारखी होती. कामिनीच्या पाठीवरून घामाचा ओहोळ वाहत होता.

"हाथ दिखाइए," तीच बाई म्हणाली. पाहिले. "ठीक है. शुरू कीजिए."

दोनच्या ठोक्याला कर्णा बंद झाला.

पाच दिवस गावावर जो नाद होता तो गेला. आधी कुत्र्यांनी माना वर केल्या. मंदिरात गाणं चालूच होतं, पण ते मंडपाच्या बाहेर येत नव्हतं. कामिनीनं पहिला प्रश्न सोडवला, दुसरा, तिसरा. ज्या प्रश्नावर परवा अडली होती तोच आला, आणि तिला हसू आलं. बोटं धावत होती. तीन वर्षं जे रात्री भांडी घासून झाल्यावर वाचलं होतं ते आपसूक येत होतं.

पण गावाभोवती चारी दिशांना केळीच्या बागा. त्यांत कापणी चालू. माणसं उजाडायच्या आत घरातून निघालेली. आदल्या संध्याकाळी मंदिरात काय ठरलं ते त्यांना ठाऊक नव्हतं. घड उतरवता उतरवता ती कर्ण्यावरचं भजन ऐकत होती, मध्येच सूर धरत होती. आणि एकदम काहीच नाही.

सप्त्यात कर्णा बंद होतो तो एकाच कारणानं. गावात कुणी गेलं तर. मयत उचलेपर्यंत वीणा चालू राहते, कर्णा बंद.

हिलाल कापणीवाल्यानं कोयता केळीच्या बुंध्यात रोवला. "कोन गयं रे?"

"वीज गयी व्हई," कुणी म्हणालं.

"मोटर तर चालू शे."

मग कोण? दोघांचा विचार एकाच वेळी एकाच घराकडे गेला. भटूआबांच्या भिंतीला भिंत लागून धुरपदाबाईचं घर. म्हातारी एकटी, आखाजीच्या सणापासून अंथरुणाला खिळलेली, दोन वेळचं पेज-पाणी सुमनबाईच्या हातचं. "धुरपदामाय गयी," हिलाल म्हणाला, आणि डोक्यावरचं फडकं काढलं. त्यानं पलीकडच्या बागेत हाक दिली, तिथून पुढच्या बागेत गेली. माणसांनी घड आहेत तिथं टाकले.

सुमनबाईला ते गल्लीच्या तोंडाशी दिसले तेव्हा ते वीसपंचवीस होते. बाया पुढं. पलीकडच्या बागेतली भागाबाई सगळ्यांच्या पुढं, पदर तोंडाशी. सुमनबाई उठली. ओरडता येत नव्हतं. तिनं बोट ओठांवर ठेवलं. मग दोन्ही हात जोरानं हलवले: नको, नको. डोळ्यांत घाम गेला होता तो तिनं पदरानं पुसला.

भागाबाईनं ते पाहिलं आणि काय समजायचं ते ती समजली.

"माय वं! गयी वं मनी माय!" आणि तिनं गल्लीतूनच हंबरडा फोडला. रीतच तशी. मयताच्या घराशी मुक्यानं जायचं नसतं. मागच्या बायांनी सूर उचलला. भागाबाई धावत येऊन सुमनबाईच्या गळ्यात पडली. सुमनबाई तिच्या खांद्यामागून "गप, गप वं, पेपर शे" असं कुजबुजत होती, आणि भागाबाईला वाटत होतं की ही हुंदके देतेय.

आतल्या खोलीत कामिनीची बोटं थांबली.

"मॅडम, ये क्या है?"

"कुछ नहीं मॅडम. अभी बंद होगा."

"कोई रो रहा है. बहुत लोग हैं."

शेजारचं दार करकरलं. धुरपदाबाई भिंतीला धरून बाहेर आली. केस सुटलेले, अंगात नुसती चोळी आणि कसंबसं गुंडाळलेलं लुगडं. पंधरा दिवसांत ती पहिल्यांदा उंबरा ओलांडत होती. "कोन गयं वं?" ती विचारू लागली. "माले सांगा ना. कोन गयं?"

रडणं तुटलं. हिलालनं फडकं परत डोक्याला बांधलं. म्हातारीला कुणी उत्तर देईना म्हणून ती सुमनबाईच्या घरात शिरली, रोजच्या माणसाला विचारायला. ती आतल्या खोलीच्या दारापर्यंत पोचली, दार ढकललं, आणि चौकटीला धरून धापा टाकत उभी राहिली.

"मॅडम," लॅपटॉपमधला आवाज आता जरा हळू झाला होता. "आपके यहाँ किसी की डेथ हुई है क्या?"

कामिनीनं दाराकडे पाहिलं.

"देखिए, डेथ है तो मैं पेपर रोक सकती हूँ. आपको नई तारीख मिलेगी, इसी महीने. बस आप हाँ बोल दीजिए. रेकॉर्डिंग में आना चाहिए." थोडं थांबून ती म्हणाली, "हाँ बोल दीजिए ना."

सुमनबाई म्हातारीच्या मागं येऊन उभी होती. तिला हिंदी येत होतं तेवढं पुरेसं होतं. ती मानेनं सांगत होती: म्हन, हो म्हन. धुरपदाबाई पडद्याकडे बघत होती. डोळे मिचकावत, मान पुढं काढून, तिथं कुणी दिसतंय का ते.

सगळी गल्ली गप्प होती. आता.

"नहीं मॅडम," कामिनी म्हणाली. "कोई नहीं गया."

"तो ये रोना?"

"लोगों ने गलत समझा."

पलीकडे कुणीतरी दुसऱ्या कुणाला तरी हात दाखवायला सांगत होतं. "फिर मुझे बंद करना पड़ेगा," बाई म्हणाली. "सॉरी."

लाल चौकट आली.

*

नंतर गल्लीत जे बोलणं झालं ते बोलण्यासारखं नव्हतं. आबा मंदिरातून धावत आले, धोतराचा सोगा हातात. हिलाल त्यांनाच बोलला. "मंग कर्णा काबर बंद करा? आमले कसं समजाव? घड उन्हमा पडेल शेतस, ट्रकवाला गया निंघी." अभिमन मागून आला, नुसता उभा राहिला, त्याचं उभं राहणंच आबांना जास्त लागलं. भागाबाई वरमून पायरीवर बसली होती आणि पुन्हा पुन्हा म्हणत होती, "तिनी डोया पुसात. मी सोता देखं. तिनी डोया पुसात."

एकट्या धुरपदाबाईचा चेहरा खुलला होता. तिला ओट्यावर बसवून कुणी पाणी दिलं, कुणी पाठीशी गोधडी लावली. ती एकेकाकडे बघत होती. "येवढं गाव मन्हासाठे उनं? हिलाल बी उना? मरानं नंतर हाई देखाले भेटतं नही. आज देखी लिधं." मग तिला कुणीतरी आत काय झालं ते सांगितलं. तिनं कामिनीला हाक मारली.

"काय वं पोरी. सांगी देती ना त्या बाईले, मी गयी म्हनीसन. मनं काय जातं? मी आज नही ते उद्या जावावच शे."

कामिनीनं तिला आधार देऊन उठवलं आणि तिच्या घरी अंथरुणावर नेऊन निजवलं. तिच्या पायांची धूळ पुसली.

दिवे लागायच्या वेळी कर्णा पुन्हा वाजत होता. घरात ताटं मांडली गेली. नवीन बागेतून उन्हात पडलेले घड गोळा करून आला होता. त्याच्या मानेवर फोड आले होते. दोन घास झाले आणि त्याला राहवलं नाही.

"येक शब्द. हो. येवढाच शब्द व्हता. ती बाई सोता सांगी ऱ्हायनी, हो म्हना. तुनी जीभ काय झडी जाती?"

कामिनी तव्यावरची भाकरी उलटत होती.

"जूनमा जळगावले जाती तू. तीन वरीस रात रात जागी. आबासनी त्या अभिमनसमोर टोपी काढी. आनि तू नही म्हनस. का? कोन देखतं व्हतं?"

"ती समोर उभी होती," कामिनी म्हणाली.

"कोन?"

"धुरपदामाय. ती जिवंत, माझ्याकडे बघत उभी होती. तिच्या तोंडावर कसं म्हणू, मेली म्हणून?"

चुलीतला धूर नवीनकडे आला, तो खोकला, आणि खोकत खोकत बाहेर पाणी प्यायला गेला.

आबा खाली मान घालून जेवत होते. कामिनीनं त्यांच्या ताटात भाकरी टाकली. तिला ठाऊक होतं की ते आता बोलणार. चार माणसांत दिलेला शब्द जसा पाळला तसाच संपवणार. तिनं मनाची तयारी करून ठेवली होती. उद्यापासून लॅपटॉप पेटीत. दिवसाला शंभर खोकी भरायची.

सुमनबाईनं पितळीत वरण ओतलं आणि ओगराळं तसंच हातात धरून ठेवलं.

"तुमी तीन वरीस सांगं व्हतं," ती नवऱ्याला म्हणाली. "तिनी तीन वरीसमा शिकी लिधं. पेपर तिनी नही सोडा. आपुन सोडाडा. मी सोडाडा, भागीनी सोडाडा, बठ्ठा गावनी सोडाडा."

"मी काही बोलनू का?" आबा म्हणाले.

"बोला मंग."

ते बराच वेळ भाकरी कुस्करत राहिले. भाकरीचा पार भुगा झाला, वरणात भिजून गेला, तरी बोटं थांबेनात.

"डिसेंबरमा कोनती तारीख?" त्यांनी विचारलं. सुनेकडे न बघता.

"अजून आली नाही आबा. नोव्हेंबरात कळेल."

"कळनी का लगेच सांगजो." त्यांचा आवाज चिडकाच होता. "ऐनवखतले येक दिन आधी सांगस, मानूस काय करी? कोनाकोनाले सांगत फिरू मी? बागबागमा जाईसन सांगनं पडी."

"सांगेन," कामिनी म्हणाली.

"आनि त्या हिलालले तू सोता सांग. तो मन्हं आयकाव नही."